कप्तिणीची नाव कोरडी पडली तेव्हा

कप्तीण हे तिचे खरे नाव नव्हे. ते तिला कोणी दिले याबद्दल धक्क्यावर दोन मते आहेत. पहिल्या मताप्रमाणे पुलाच्या पहारेकऱ्याने ते चेष्टेने दिले. दुसऱ्याप्रमाणे, एका माल पाठवणाऱ्याने ‘मालक कुठे आहेत?’ असे विचारले तेव्हा तिने स्वतःच ते घेतले: ‘मालक नाही, कप्तान नाही, इथे फक्त कप्तीण आहे. माल चढवायचाय का गप्पा मारायच्यात?’ दुसरे मत अधिक पटते, कारण रागावल्यावर ती फार नेमके बोलते, आणि पहारेकरी तिला घाबरतो. चेष्टेतून असो वा रागातून, नाव टिकले. ते ऐकल्यावर आता कोणी हसत नाही.

नाव वडिलांची. लाकडी, रुंद पोटाची, वेगाने कोणावर छाप पाडण्याचा हट्ट नसलेली. पलीकडच्या काठावरच्या वस्त्यांना ती कौले, सिमेंट, कोंबड्यांचे खाद्य, गॅसच्या टाक्या आणि क्वचित एखाद्या नव्या संसाराचे कपाट पोचवी. वडिलांच्या मागे कप्तिणीने सुकाणू हाती घेतले आणि पुन्हा ते कोणाच्या हाती दिले नाही. तिची झोप, स्वयंपाक, भांडणे, आजारपणे, सारे काही नावेवरच झाले. मोठा भाऊ आणि धाकटी बहीण नदीच्या मुखाजवळच्या शहरात राहत. नाव त्याच शहरावरून जा-ये करी; पण भरतीची वेळ साधून पुलाखालून निघून जावे लागे, म्हणून ती कधी थांबली नाही. भावाबहिणींत भांडण नव्हते, हे मुद्दाम नोंदवले पाहिजे, कारण शेजाऱ्यांचा समज तसा होता. भांडण असते तर ते मिटवायला तरी तिघे एकत्र आले असते. इथे तेही निमित्त नव्हते.

नावेचे एक बरे असते, ती बिघडली तरी चालते. गळणाऱ्या नावेतही माल जातो. माणूस एका हाताने पाणी उपसतो आणि दुसऱ्या हाताने दिशा सांभाळतो. कप्तिणीने कित्येक फटी तरंगत्या नावेतच बुजवल्या होत्या. तेलात भिजवलेला कापूस पिळून त्याची वात करायची, बोथट पटाशी फटीवर धरायची आणि लाकडी हातोड्याने ती वात इतकी घट्ट ठोकायची की पुन्हा पाण्याची हिंमत होऊ नये. यात तिचा हात धरणारा नदीवर दुसरा कोणी नव्हता. पण त्या वर्षी नावेच्या कण्याजवळच्या एका फळीत तिचा स्क्रूड्रायव्हर मुठीपर्यंत आत गेला. जोर न लावता. कापसाने बुजण्यासारखी ती गोष्ट नव्हती.

म्हणून मोठ्या उधाणाच्या भरतीवर नाव त्या शहराजवळच्या आवारात आणली. आवारात नावा दुरुस्त होत. खालचे ओटे लोखंडी बोटींनी भरलेले होते, तेव्हा हिला सगळ्यात वरच्या ओट्यावर टेकू लावून बसवले. तिथवर पाणी पोचते ते केवळ वर्षातल्या मोठ्यात मोठ्या उधाणाला. तसे उधाण आता एका महिन्यानंतर येणार होते, आणि त्यानंतर एकदम अर्ध्या वर्षाने. नाव महिन्याने उतरली तर ठीक. न उतरली, तर अर्धे वर्ष उन्हात उभी राहून तिच्या फळ्या सुकतील, तडकतील, आणि मग ती पाण्यात घालण्याऐवजी चुलीत घालावी लागेल. असली नाव नव्याने बांधून देणारे आता कोणी उरले नव्हते. कप्तिणीला हे कोणी समजावून सांगायची गरज नव्हती, तरी आवारातल्या प्रत्येकाने ते समजावून सांगितले.

आवाराचा मिस्त्री वयस्क आणि अबोल होता. ऐकायला कमी येते असे तो सोयीनुसार भासवी. त्याने कुजकी फळी काढली, शेजारच्या फळीचा एक चांगला तुकडाही काढावा लागला, आणि तो म्हणाला, “बाई, वाकलेल्या झाडाचीच फळी पाहिजे. सरळ फळी वाकवून बसवली तर ती रुसते. मी वर जाऊन स्वतः निवडून आणतो. तोवर हिला हात लावू नका.”

“हात लावू नका म्हणजे? माझीच आहे ती.”

“म्हणूनच सांगतोय.”

कारण देणे हे मिस्त्रीच्या मते कामात धरले जात नसे. तो नदीच्या वरच्या अंगाला लाकडाच्या गिरणीकडे निघून गेला.

कप्तिणीचा बेत टेकूवरच्या नावेतच झोपण्याचा होता. संध्याकाळी दादा, म्हणजे तिचा मोठा भाऊ, अंगावर भुसा घेऊनच आवारात आला. तो दारे-खिडक्या बनवी. सगळ्या शहराची दारे त्याच्या हातची आहेत असे त्याचे म्हणणे होते. ते तपासून पाहता येत नाही, पण बरीच असावीत.

“या शिडीवरून चढून झोपायला जाणार तू? आणि पडलीस म्हणजे?”

“आजवर पाण्यात पडले नाही, जमिनीवर काय पडेन!”

“पाण्यात पडलं तर माणूस भिजतं, बये. इथे मोडतं. चल घरी. वहिनीने खाट घातलीय.”

“मला खाटेवर झोप येत नाही.”

“मग जागी राहा, पण घरात राहा.”

दादाचे घर म्हणजे कारखान्यामागच्या दोन खोल्या. कारखान्यात भिंतींना टेकून दारे उभी असत. कुठेच न उघडणारी, कडी नसलेली, एखादे अर्धवट रंगवलेले. घरातल्या न्हाणीला मात्र दार नव्हते, पडदा होता. याबद्दल वहिनीला विचारू नये असा घरातला अलिखित नियम होता. कप्तिणीने तो पहिल्याच सकाळी मोडला आणि वहिनीने दादाकडे पाहत अर्धा तास उत्तर दिले. त्या अर्ध्या तासानंतर दोघींची गट्टी जमली.

गट्टीला गालबोट लागले ते गाठींचे. नावेवर कोणतीही वस्तू सुटी ठेवत नाहीत. ती सवय हातांत इतकी भिनलेली की कप्तीण घरात वावरू लागली तशा वस्तू जागच्या जागी बांधल्या जाऊ लागल्या. कपांच्या कानांतून दोरी गेली. कंदील खुंटीला, खुर्ची टेबलाला, चिमटा चुलीच्या पायाला.

“वन्सं, साखरेच्या डब्याला ही गाठ कुणी मारली?”

“हलला तर सांडेल, वहिनी.”

“हलेल कशाने? घराला भरती येते का आमच्या?”

“तुमच्या घराचं काही सांगता येत नाही. न्हाणीला दार नाही.”

वहिनी हसत हसत गाठ सोडू लागली. ती तिला सुटेना, मग तिने शिकवून घेतली. आणि दुसऱ्या दिवशी दादाची चप्पल दाराच्या कडीला बांधलेली सापडली. ती कोणी बांधली हे आजतागायत सिद्ध झालेले नाही.

सुट्टीच्या दिवशी धाकटी आली. ती इस्पितळाच्या धुलाईखान्यात मुकादम होती. तिच्या हातांना साबणाचा वास येई आणि तिचा आवाज यंत्रांच्या वर चढायला शिकलेला होता. दारातूनच ती ओरडली, “ताई! जमिनीवर! कुणी फोटो काढा रे!” आणि मग दोघी बहिणी एकमेकींना घट्ट धरून कितीतरी वेळ उभ्या राहिल्या, दाराच्या मधोमध, येणाऱ्याजाणाऱ्याची वाट अडवून.

त्या रात्रीच्या जेवणाला तिन्ही भावंडे वडिलांच्या पश्चात प्रथमच एका टेबलाशी बसली. बोलणे साहजिकच वडिलांचा लाडका कोण यावर गेले, तिथून भांडणावर आले, आणि भांडणात दादाने नाव का सोडली हा प्रश्न निघाला. कप्तिणीची समजूत अशी होती की दादाला नावेच्या कामाची लाज वाटे. धाकटीची समजूत वडिलांशी मोठे वाजले अशी होती. दोघींनी आपापल्या समजुती इतकी वर्षे कोणालाही न विचारता जपल्या होत्या.

दादाने पाण्याचा पेला खाली ठेवला. “मला नाव लागायची.”

“काय?”

“लागायची. ओकायचो मी. रोज. शांत पाण्यातसुद्धा.”

“अरे, पण बाबांशी तुझं वाजलं होतं ना?” धाकटीने विचारले.

“वाजलं नाही गं. ओकलो. त्यांच्या बुटात. ते म्हणाले, ‘पोरा, तू दारं कर.’”

वहिनीला हे माहीत होते. लग्नाआधीच दादाने सांगून टाकले होते. बाकी दोघी आधी थक्क झाल्या, मग हसू लागल्या, आणि हसता हसता कप्तिणीच्या डोळ्यांतून पाणी आले ते सगळेच हसण्याचे नव्हते. भावाला आपल्या कामाची लाज वाटते असे मानून तिने पुलाखालून जाताना किती तरी वेळा मुद्दाम वर पाहिले नव्हते, आणि तो किती तरी वेळा पुलावर उभा होता.

असे दिवस गोड जात होते. पण मिस्त्रीचा पत्ता नव्हता, उधाण जवळ येत होते, आणि कप्तीण रिकामी बसणारी बाई नव्हती. ती रोज आवारात जाई. एके दिवशी तिने नावेखाली वाकून पाहिले. फळ्या-फळ्यांमधून उजेड दिसत होता. जन्मात तिने आपल्या नावेत अशा फटी पाहिल्या नव्हत्या. काही ठिकाणी तर नख काय, पैसा जाईल एवढ्या. मिस्त्री येईल तेव्हा येईल. एवढ्या फटी शेवटच्या घटकेला कोण भरणार?

तिने कापूस आणला, तेल आणले, पटाशी आणि हातोडा काढला आणि कामाला लागली. सकाळपासून ऊन उतरेपर्यंत आवारात तिच्या हातोड्याचा आवाज चाले. खांदे भरून आले, बोटे काळी झाली. वात आत जाईना तिथे ती दुप्पट जोराने ठोकी. तिला तिचे काम उत्तम येत होते आणि ती ते आयुष्यातल्या सर्वांत चांगल्या रीतीने करत होती; चूक होती ती एवढीच. आवारातल्या लोखंडी बोटींच्या कामगारांना लाकडातले काही कळत नव्हते. ते कौतुकाने म्हणत, “वा! थेंब शिरणार नाही.”

एक बाजू पूर्ण भरत आली तेव्हा दादा दुपारचा डबा घेऊन आला. त्याने डबा ओट्यावर ठेवला, सवयीने एका सांध्यावरून अंगठा फिरवला, आणि मग दुसऱ्यावरून, तिसऱ्यावरून.

“हे तू कधी भरलंस?”

“काल. परवा. का? छान झालंय ना?”

“लाकूड ओलं असताना?”

“ओलं कुठून असेल? वर उभीय ना ती.”

तो खाली बसला. “हे काढावं लागेल.”

“काय?”

“सगळं. अगं, दार मी उन्हाळ्यात बसवतो तेव्हा चौकटीत फट ठेवतो. दमट हवेत ते फुगतं. फट ठेवली नाही तर एक तर दार अडकतं, नाही तर चौकट उखडते. ही तुझी नाव पाण्यात गेली की प्रत्येक फळी फुगणार. जागा कुठे ठेवलीस तू फुगायला?”

“ही नाव आहे, दरवाजेवाले शेठ. न्हाणीचं दार नाही.”

“लाकूड तेच असतं. आतल्या बरगड्यांवरून खिळे उपटून फळ्या बाहेर येतील. किंवा बरगड्याच मोडतील.”

“मी जन्मभर फटी भरतेय!”

“ओल्या लाकडाच्या! फुगून झालेल्या लाकडाच्या. तू ही नाव कोरडी कधी पाहिलीस?”

कप्तिणीने डबा उघडून रागारागाने जेवायला सुरुवात केली. तिचे म्हणणे तिने सोडले नाही, आणि दादाचे त्याने. शेवटी जे ठरले ते दोघांच्याही स्वभावाला साजेसे होते. आधीच काढलेल्या चांगल्या फळीचे तीन तुकडे घेतले. ते आवारात पडलेल्या एका जुन्या बरगडीच्या ओंडक्यावर शेजारी शेजारी खिळ्यांनी ठोकले, दोन्ही कडांना दादाने जाड अडसर लावले, आणि मधल्या फटी कप्तिणीने स्वतःच्या हाताने, तितक्याच घट्ट, भरल्या. मग ते सारे आवारातल्या पाण्याच्या टाकीत बुडवून वर दगड ठेवला. तोवर तिने दुसऱ्या बाजूला हात लावायचा नाही, असे वचन दादाने घेतले. वचन देताना ती टाकीकडे पाहत होती.

पुढचे काही दिवस टाकीपाशी दिवसातून अनेकदा कप्तीण दिसे. दगड हलवत नसे, नुसती पाही. ठरल्या सकाळी दोघांनी मिळून तो ओंडका बाहेर काढला. मधला तुकडा कमानीसारखा वर आला होता. खिळ्यांची डोकी लाकडात बुडाली होती आणि बरगडीत एक लांब चीर गेली होती.

कप्तिणीने त्या चिरेत नख घातले. दादा गप्प राहिला, आणि त्याने त्या क्षणी गप्प राहणे ही त्याच्या आयुष्यातली मोठी शहाणपणाची गोष्ट होती, असे वहिनी सांगते.

“किती दिवस राहिलेत उधाणाला?” कप्तीण म्हणाली. उत्तर तिलाच ठाऊक होते. “धाकटीला निरोप दे. मला माणसं पाहिजेत.”

माणसे आली. धाकटीने रजा टाकली. वहिनी आली, तिने येताना गाठी मारायची दोरीही आणली. दादाने कारखाना बंद ठेवून दारावर ‘बहिणीच्या कामासाठी’ असे लिहिले. त्यामुळे शेजारी विचारपूस करायला आले आणि त्यांतले दोघे-तिघे कापूस ओढायचा आकडा हातात घेऊन कामालाच लागले. भरलेला कापूस भरण्यापेक्षा काढणे अवघड असते, विशेषतः कप्तिणीने भरलेला. वाकड्या आकड्याने तो ओढून काढताना धाकटी म्हणाली, “ताई, हे तू भरलंस का शिवलंस? काही निघेचना!”

“चांगलं काम केलंय, म्हणून.”

“एखादं काम वाईटही करत जा गं. माणसांची सोय होते.”

फांदीसारखी वळलेली नवी फळी घेऊन मिस्त्री परतला तेव्हा नावेभोवती सगळे कुटुंब चिकटलेले होते आणि जमिनीवर कापसाचा ढीग होता. त्याने ढीग पाहिला, नाव पाहिली, टाकीजवळचा चिरलेला ओंडका पाहिला. “हात लावू नका म्हटलं होतं,” एवढेच तो म्हणाला.

“का लावू नका ते म्हटलं नव्हतंत, मिस्त्री,” कप्तीण म्हणाली. “तेवढं एक वाक्य जास्त बोलला असतात तर काय जीभ झिजली असती?”

मिस्त्रीला बराच वेळ ऐकू आले नाही. मग तो म्हणाला, “खरंय.”

फळी बसली. आता नाव भिजवायची होती. धाकटीने इस्पितळातून बाद झालेल्या चादरी रीतसर परवानगीने आणल्या. ओल्या करून त्या नावेच्या पोटात फळ्यांवर अंथरल्या आणि सकाळ-संध्याकाळ सगळ्यांनी रांगेने बादल्या ओतल्या. पांढऱ्या चादरींत निजलेल्या नावेकडे पाहून धाकटी म्हणे, “पेशंटने आज पाणी घेतलं का?” फटी हळूहळू मिटत आल्या. मिस्त्रीने सगळीकडून हात फिरवून, अगदी हलक्या हाताने, सैल वाती बसवल्या. हातोडा त्याने कप्तिणीलाही दिला. ती इतके हळू ठोकी की आवाज येत नसे, आणि तेवढ्याने तिला घाम फुटे.

उधाण भल्या सकाळी चढले. पाणी ओट्यावर आले, टेकू ओले झाले, नाव किंचित हलली आणि तरंगली. तरंगली त्याच वेळी तिच्यात पाणी येऊ लागले. एका जागेतून नव्हे, सगळ्या सांध्यांतून. दादा, वहिनी आणि धाकटी नावेत होतीच. चौघे बादल्या घेऊन भिडले. पाणी घोट्यापर्यंत आले, मग पोटऱ्यांपर्यंत.

मिस्त्री ओट्यावरून ओरडला, “पाणी उतरायला लागेल आता! परत टेकूवर बसवायची असेल तर आत्ताच सांगा. एकदा बाहेर गेली की मग खोल पाणी आहे.”

परत बसवली तर नाव आज बुडणार नव्हती. अर्ध्या वर्षात सुकून मरणार होती. कप्तिणीने खाली वाकून पाण्यात हात घातला आणि एका सांध्यावर बोटे ठेवली. आत येणारी धार तिला बोटांना लागत होती. ती किती जोराची आहे हे तिला कळले, आणि मघाशी ती आणखी जोराची होती हेही.

“दादा, तुझं काय मत?”

“दाराला फुगायला दोन दिवस लागतात,” दादा म्हणाला. त्याचा चेहरा हिरवट पडला होता. “पण दारावर इतकं पाणी कुणी ओतत नाही.”

“सोडा!” कप्तीण ओरडली. “दोर सोडा!”

नाव आवाराबाहेर खोल पाण्यात आली आणि कप्तिणीने नांगर टाकला. बाकीच्यांना बोलायला श्वास नव्हता. मधूनमधून दादा कडेला जाऊन ओकून येई आणि परत बादली उचली. त्याला कोणी थांब म्हटले नाही, कारण तो थांबणार नव्हता. पाणी पोटऱ्यांवर बराच वेळ अडून राहिले. कप्तीण मोजत नव्हती. ती फक्त उपसत होती, आणि वहिनीचा हात मंदावला की स्वतःची बादली भरून तिच्या वाटणीचीही रिकामी करत होती.

ऊन डोक्यावर आले तेव्हा धाकटी म्हणाली, “अगं, बादली बुडत नाही.”

सगळे थांबले. खरेच, बादली आडवी केली तरी अर्धीच भरत होती. त्यांनी बादल्या टाकून तांबे घेतले. काही वेळाने तांबेही भरेनात. मग चादरीचे बोळे करून पाणी टिपले. वहिनी तळाच्या फळीवर सरळ आडवी झाली आणि म्हणाली की आता नाव बुडाली तरी ती उठणार नाही.

कप्तीण उठली. ती गुडघ्यांवर बसून सांध्यामागून सांधा तपासत गेली, अंगठ्याने, एक न वगळता. सगळे मिटले होते. नव्या फळीच्या टोकाला तेवढा एक सांधा अजून पाझरत होता. तिचा हात आपोआप पटाशीकडे गेला. तिने ती उचलली, वात फटीवर धरली, क्षणभर तशीच राहिली, आणि वात पुन्हा खिशात घातली.

“दादा,” ती म्हणाली, “इकडे ये. माझ्याजवळ बस.”

“काय करायचंय?”

“काही नाही करायचं. नुसतं बघायचं.”

दादा तोंड पुसत तिच्या शेजारी येऊन बसला. सांध्यावर एक थेंब धरला, फुगला, खाली ओघळला. दुसरा यायला त्याहून जास्त वेळ लागला.

“किती वेळ बसायचं?” दादाने विचारले.

“तो थांबेपर्यंत,” कप्तीण म्हणाली आणि पाय पसरून नीट बसली.